अकरा वर्षांचे दाते

हँडल उलटल्याचा आवाज सत्यवतीला विहिरीपर्यंत ऐकू आला. पाठोपाठ नवऱ्याची किंकाळी.

पौषातली कडक थंडी होती. अशा थंडीत लॉरीचं इंजिन आडमुठं होतं आणि हँडल मारणाऱ्यावरच उलटतं, हे भगवंताला कोणी सांगायला नको होतं. अकरा वर्षं तो हेच करत आला होता. पण त्या सकाळी संत्र्यांचे पेटारे भरून झाले होते, अकोल्याला निघायला उशीर होत होता, आणि घाईघाईत त्याचा अंगठा हँडलच्या नको त्या बाजूला गेला. इंजिननं एकच झटका दिला. सत्यवती धावत आली तेव्हा तो चाकाला टेकून बसला होता. उजवं मनगट त्यानं डाव्या हातात धरलं होतं आणि दुसऱ्याच कोणाचं असावं तसं त्याच्याकडे पाहत होता.

"मोडलं," तो म्हणाला. "मोडलंच वो हे."

बडनेऱ्याच्या डॉक्टरनं पट्ट्या बांधल्या आणि दीड महिना हात हलवायचा नाही असं बजावलं. दुखणं भगवंतानं सोसलं. त्याचा डोळ्याला डोळा लागेना तो दुसऱ्याच काळजीनं. आठ दिवसांनी अमरावतीच्या कॅम्पातल्या मैदानावर लॉऱ्यांची तपासणी होती.

लढाईचं ते चौथं वर्ष. पेट्रोल कुपनांवर मिळत होतं, आणि ती कुपनंही आता सरसकट मिळणार नव्हती. जी गाडी धडधाकट ठरेल आणि जिला हातपाय धड असलेला ड्रायव्हर असेल, तिलाच कुपनं. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या झाडाखाली लावून ठेवाव्यात, असा हुकूम निघाला होता. रेल्वेच्या वाघिणी फौजेच्या सामानाला लागलेल्या. बडनेऱ्याच्या आजूबाजूच्या अठरा माळ्यांच्या घरांनी मिळून ही लॉरी घेतलेली होती, आणि त्या अठरा मळ्यांची वांगी, कोबी, संत्री, झेंडू, सगळं काही आठवड्यातून तीनदा तिच्यावरच अकोल्याच्या बाजारात जाई. लॉरी थांबली, की माल मळ्यातच सडणार.

दुसरा ड्रायव्हर आणावा तर तालुक्यात रिकामा ड्रायव्हर उरला नव्हता. स्टिअरिंग धरता येणारे बहुतेक जण फौजेत भरती झाले होते.

तिसऱ्या दिवशी चंद्रभान पाटील समाचाराला आला. अमरावतीत त्याच्या तीन लॉऱ्या होत्या. काळ्या जमिनीचा मोठा वाहितदार, बोलायला खडा, पण मनात काही ठेवणारा नव्हता. खाटेवर बसून त्यानं चहा घेतला, भगवंताचा हात पाहिला, मग बाहेर लिंबाखाली उभ्या लॉरीकडे नजर टाकली.

"गिअरबॉक्स अजून पयलाच हाय मंता?"

"पयलाच," भगवंत म्हणाला.

"मंग तपासणीले नेऊच नोको. गिअरचं आयुष्य दोन वर्षं. तीन झाले त देवाची किरपा समजा. माह्या तिन्ही लॉऱ्यायचे बदलून झाले, एकीचे त दोनदा. अन् आता लढाईत नवे दाते येतीन कुठून? अकरा वर्षाचा डबा पाहून सायेब हासतीन अन् गाडी मोडीत काहाडतीन."

सत्यवती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही, पण बोलली. "तुमचे दोन वर्षात गेले पाटील, हे खरं. दात्यायचा त्यात काय दोष?"

चंद्रभान मोठ्यानं हसला. बाईमाणूस गमतीत बोललं, असं त्याला वाटलं.

ती गंमत नव्हती. लॉरी नवी आली त्या साली पहिले तीन महिने भगवंत गिअर टाकायचा तो अशा खरखराटात, की रस्त्यानं चालणारे बैल बुजायचे. चौथ्या महिन्यात दुसरा गिअर लागेनासा झाला. लॉरी रखडत रखडत अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे, नत्थुजी मिस्त्रीच्या दुकानापर्यंत नेली. नत्थुजीनं गिअरबॉक्सचं झाकण उघडलं, आत बोट घालून एका चाकाचा झिजून बोथट झालेला दाता दाखवला, आणि भगवंताला समजावू लागला. भगवंत तेव्हा बाजाराच्या चिंतेत होता. तो नुसता मान हलवत होता. ऐकत होती ती शेजारी टोपलीवर बसलेली सत्यवती. माल विकायला ती प्रत्येक खेपेला बरोबर असायची.

"मिस्तरी काका," तिनं मध्येच विचारलं, "खरखर होते काहून?"

नत्थुजीनं भगवंताला सोडलं आणि तिच्याकडे वळला.

"आतमंधी दोन चाकं हायत बाई. एक इंजिनाच्या जोरानं फिरते, दुसरं रस्त्यावरच्या चाकायच्या. दोघायची चाल येगळी. चाल जुळायच्या अगोदर दाते भिडवले का ते एकामेकाले खातात. तू चालत्या बंडीत कशी चढतं?"

"पयले तिच्या संगं पयावं लागते. मंग चढता येते."

"बस. तेच हे. क्लच दाबा, गिअर मोकळा करा, क्लच सोडा. अंमळ थांबा. चाल जुळली का पुन्हा क्लच दाबा अन् घाला. वरून खाली येतानी मधात थोडी रेस द्या. लोण्यावानी जाते."

"अन् असं केलं त किती वर्षं टिकीन?"

"ते मले काहून विचारतं? ज्याच्या हातात हाय त्याले विचार. वाईट हातात सा महिने. चांगल्या हातात लॉरीचं लाकूड सडून जाईन, दाते तसेच राहतीन."

नत्थुजीनं ते चाक बदलून दिलं. तेव्हापासून गिअरबॉक्सची जबाबदारी सत्यवतीनं घेतली, कोणी दिली नाही तरी.

भगवंताला गाडी चालवताना उजवा पाय पेडलवर, डावा क्लचवर आणि हात गिअरच्या दांड्यावर ठेवून बसायची सवय होती. काम नसताना दांड्यावर नुसता हात ठेवला तरी त्याचं वजन आतल्या कड्यावर पडतं आणि कडं झिजतं. क्लचवर पाय टेकला तरी तो अर्धवट दबून राहतो. हे नत्थुजीनं सांगितलेलं. सत्यवतीनं अकोल्याच्या रस्त्यावर, मूर्तिजापूर ते बोरगाव, बोरगाव ते अकोला, प्रत्येक वेळी नवऱ्याच्या हातावर चापट मारली. "हात उचला." "पाय काहाडा." दोन वर्षं हे चाललं. मग चापट मारायची गरज राहिली नाही.

तेल ती स्वतः बदलायची, दर दुसऱ्या अमावास्येला. त्या दिवशी खेप नसायची. आधी लॉरी मळ्यातल्या पांदणीवर एक फेरी मारून आणायची, म्हणजे तेल कोमट होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. मग लुगड्याचा काचा मारून लॉरीखाली सरकायचं, खालचा बोल्ट काढायचा, काळं तेल घमेल्यात घ्यायचं. ते बोटांत चोळून पाहायचं. मऊ लागलं तर बरं. कचकच लागली तर आत कुठेतरी काहीतरी झिजतंय. उन्हाळ्यात जाड तेल, हिवाळ्यात पातळ. आणि पांदणीवरची ती फेरी सुरुवातीला भगवंत मारायचा, पण आवाजावरून गिअरचं दुखणं ओळखायचं तर दांडा आपल्याच हातात हवा, म्हणून पुढे तीच मारू लागली. मळ्यातल्या बायका भेंडी तोडता तोडता थांबून बघायच्या. काही दिवसांनी बघेनाशा झाल्या.

सातव्या वर्षी एकदा बोरगावजवळ ती म्हणाली, "तिसऱ्यात रडून राहिली गाडी."

भगवंतानं कान दिला. त्याला इंजिनशिवाय काही ऐकू आलं नाही. तरी तिच्या हट्टापायी लॉरी नत्थुजीकडे नेली. आतल्या एका बेअरिंगची गोळी फुटायच्या बेतात होती. आणखी पंधरा दिवस गेले असते तर तिचे तुकडे दात्यांत जाऊन सगळा डबा गेला असता. बेअरिंग बदललं, आणि नत्थुजीनं त्या दिवशी भगवंताकडून मजुरी घेतली नाही. म्हणाला, असा कान माझ्या दुकानात कोणाला नाही.

लढाई आली तसं चांगलं तेल मिळेनासं झालं. दुसऱ्या लॉरीवाल्यांपैकी कोणी सरकीचं तेल ओतलं, ते आत गोंदासारखं चिकटून बसलं. सत्यवतीनं जुनं तेल मडक्यात पंधरा पंधरा दिवस निवळत ठेवलं, वरचं नितळ तेवढं दुहेरी घोंगडीच्या तुकड्यातून गाळलं, आणि जेवढं नवं मिळेल तेवढं त्यात घातलं. लॉरी चालत राहिली.

म्हणून चंद्रभान गेल्यावर ती हात धुऊन खाटेपाशी आली आणि म्हणाली, "तपासणीले मी नेतो गाडी."

वऱ्हाडात बायाही असंच बोलतात, नेतो, करतो. भगवंतानं तिच्याकडे पाहिलं.

"अन् लायसन?"

"तेबी काहाडू. तुमी उद्या कचेरीत चला माह्या संगं."

कचेरीतला कारकून आधी हसला, मग चिडला, मग नियमाचं पुस्तक काढून बसला. बाईला परवाना देऊ नये असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. नाइलाजानं त्यानं शिकाऊ कागद करून दिला आणि सांगितलं, की परीक्षा साहेबच घेतील, तपासणीच्याच दिवशी, भरल्या गाडीवर. त्या दिवशी जे व्हायचं ते दोघांचं एकदमच होणार होतं. गाडीचंही आणि तिचंही.

तपासणीच्या सकाळी सत्यवतीनं हँडल स्वतः मारलं. अंगठा चारही बोटांच्या बाजूला घेऊन, खालून वर. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. भगवंत गळ्यात हात अडकवून शेजारी बसला. अठरा घरांतली माणसं बांधावर उभी होती. पार्बताबाई नावाच्या म्हातारीनं लॉरीच्या नाकावर झेंडूचा हार बांधला, आणि लॉरी निघाली.

कॅम्पातल्या मैदानावर सोळा लॉऱ्या रांगेत होत्या. नागपूरहून आलेले साहेब सडपातळ, चष्मा लावणारे, बोलायला मोजके. सकाळपासून त्यांनी सात गाड्या पाहिल्या होत्या आणि चार नापास केल्या होत्या. त्यांत चंद्रभानची एक होती. तिच्या गिअरबॉक्सचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता.

सत्यवतीची लॉरी त्यांच्यापुढे येऊन थांबली. साहेबांनी कागद वाचला, लॉरीकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"अकरा वर्षं? आणि गिअरबॉक्स मूळचाच?"

"एक चाक अन् एक बेअरिंग बदललं साहेब," भगवंत म्हणाला. "बाकी सगळं मूळचं."

"आत्ता गाडी आली तेव्हा गिअरचा आवाज मला आला नाही."

"नाई येत साहेब."

साहेबांचे डोळे बारीक झाले. "आवाज न येण्याची एक युक्ती मला माहीत आहे. झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरतात. तपासणीपुरता तो गप्प राहतो. गेल्या महिन्यात अशा दोन गाड्या मी पकडल्या. बोल्ट काढा."

चंद्रभान आणि बाकीचे लॉरीवाले भोवती जमा झाले. भगवंताचा चेहरा उतरला. आपण प्रामाणिक असताना चोर ठरवलं जातंय, हे त्याच्या जिव्हारी लागलं.  सत्यवतीनं मात्र काचा मारला, घमेलं घेतलं, आणि सगळ्यांसमोर लॉरीखाली सरकली.

तेल घमेल्यात पडू लागलं. काळसर, पण एकसारखं, मधासारखी संथ धार. साहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी दोन बोटं तेलात बुडवली, चोळली, उजेडात धरली. भुशाचा कण नव्हता. मग खिशातून लोहचुंबक काढून त्यांनी घमेल्यात फिरवलं आणि वर काढलं. त्याला लोखंडाचा कीस किती लागतो हे पाहायला सगळे वाकले. चुंबकाच्या टोकाला मिशीच्या रेघेएवढी काळी लव होती, तेवढीच.

"झाकण उघडा," साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला होता.

सहा बोल्ट निघाले, झाकण बाजूला झालं. सूर्य नेमका वर आलेला होता आणि उजेड सरळ आत पडला. दाते चकाकत होते. कडा चौकोनी, धारदार. एकही कोर उडालेली नाही. साहेबांनी एकेक चाक बोटानं फिरवून पाहिलं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

चंद्रभाननं त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "बाप्पा!" एवढंच त्याच्या तोंडातून निघालं.

"हे कोण सांभाळतं?" साहेबांनी विचारलं.

भगवंतानं डाव्या हातानं बायकोकडे बोट केलं. "हे. मी निसता चालवतो साहेब. सांभाळते हेच."

साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक. दाते मी पाहिले. आता ते चालवणारा हात पाहू."

तेल परत भरलं, झाकण बसलं. लॉरीत काळ्या मातीची चाळीस पोती टाकली, पूर्ण भाराइतकी. साहेब सत्यवतीच्या शेजारी बसले. मागे पोत्यांवर भगवंत चढला, आणि त्याच्याबरोबर चंद्रभानही, हे काय होतं ते मला माझ्या डोळ्यांनी पाहायचंय, असं म्हणत. लॉरी चांदूर रेल्वेच्या रस्त्याला लागली. त्या रस्त्यावर शहर संपलं की पोहऱ्याच्या टेकड्या लागतात. सपाट वऱ्हाडात गाडीचा कस पाहायला तेवढीच जागा.

चढ आला. सत्यवतीनं इंजिनाचा आवाज जड होण्याच्या आत चौथ्यातून तिसऱ्यात घेतलं, मग दुसऱ्यात. क्लच, मोकळा, क्लच, थोडी रेस, क्लच, गिअर. साहेबांचं सगळं लक्ष कानांत होतं. खरखर नाही, टक्कसुद्धा नाही. नुसता इंजिनाचा सूर बदलायचा. अर्ध्या चढावर साहेब म्हणाले, "थांबवा." तिनं थांबवली. "निघा." चाळीस पोत्यांसह लॉरी पहिल्या गिअरवर, तसूभरही मागे न सरकता, चढाला लागली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "वरून उतरा आणि वळवून परत आणा."

टेकडीची पलीकडची उतरण लांब होती. लॉरी तिसऱ्यात होती. वेग वाढू लागला तसा सत्यवतीनं ब्रेक दाबला. पेडल एकदम तळाला गेलं.

तिनं पुन्हा दाबलं. पायाखाली काहीच नव्हतं. ब्रेकच्या सळईची पिन भारानं तुटली होती, आणि मागे चाळीस पोती ढकलत होती. तिनं हातब्रेक ओढला. जळका वास आला, पण गाडी थांबेना. पुढे वळणावर कापसानं लादलेल्या सहा बंड्या एकामागून एक वर येत होत्या. रस्त्याच्या एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला नाला.

"ब्रेक!" साहेब ओरडले.

"नाई लागत," सत्यवती म्हणाली.

ती नंतर सांगायची, की त्या घटकेला तिला भीती वाटली ती बंड्यांची नाही. गिअर मोकळा केला आणि खालचा लागला नाही, तर काय, याची. उतारावर भरधाव गाडीत खालचा गिअर घालणं यासारखं अवघड काम नाही. मोकळी झालेली गाडी क्षणभरात आणखी वेग घेते, आणि चाल जुळली नाही तर दाते खडखडून गिअर परत फेकतात, मग गाडीला धरणारं काही उरत नाही. पण तिसऱ्यावर ही थांबणार नव्हती. काही करायचं तर आत्ताच.

तिनं क्लच दाबला, गिअर मोकळा केला. लॉरी सुटल्यासारखी पुढे झेपावली. मागे पोत्यांवर चंद्रभाननं देवाचा धावा सुरू केला. सत्यवतीनं क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटर दाबला. थोडा नाही, खूप, इंजिन किंचाळेपर्यंत. गाडी पळतेय तेवढंच इंजिनही पळायला हवं होतं, तिच्या बरोबरीनं. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि जिथे तिला हवा होता तिथे आला. क्लच. दुसरा.

लोण्यासारखा गेला.

लॉरीनं पुढे मान टाकली. इंजिन गरजलं, पण वेग तुटला, कोणी मागून दोर आवळावा तसा. बंड्या चाळीस हातांवर होत्या. गाडीवानांनी बैल दरडीला लावले होते. सत्यवतीनं श्वास घेतला आणि तेच पुन्हा केलं: मोकळा, रेस, पहिला. दाते एकमेकांत बसले, चाळीस पोत्यांचा सगळा भार त्यांनी आपल्यावर घेतला आणि धरून ठेवला. लॉरी माणसाच्या चालीनं सहा बंड्यांच्या बाजूनं गेली. शेवटच्या बंडीवरच्या म्हाताऱ्या गाडीवाननं स्टिअरिंगमागची बाई पाहिली आणि हातातला कासरा सोडून दोन्ही हात जोडले.

सपाटीवर येताच तिनं इंजिन बंद केलं. पहिल्या गिअरनं लॉरीला जागच्या जागी रोखलं.

 साहेबांच्या हातातला कागद चुरगळला होता. तो त्यांनी मांडीवर ठेवून हातानं सरळ केला.

"ब्रेकची पिन आजच बदला," ते म्हणाले. "ती बदलल्याशिवाय गाडी इथून हलणार नाही."

"व्हय साहेब."

"दाते अकरा वर्षं टिकले याचं सकाळी मला आश्चर्य वाटलं होतं." त्यांनी टाक काढला. "आता वाटत नाही."

गिअरबॉक्सपुढे त्यांनी 'उत्तम' लिहिलं. ड्रायव्हरपुढे काय लिहावं याचा त्यांना थोडा विचार पडला, मग तिथेही तोच शब्द लिहिला.

मागून भगवंत उतरला. एका हातानं उतरताना धडपडला, तरी धावत पुढे आला आणि दाराला धरून नुसताच बायकोकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. चंद्रभान उतरला तो डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मातीनं माखलेला. त्यानं धोतर झटकलं, घसा साफ केला, आणि पाटीलकी बाजूला ठेवून म्हणाला, "वयनी, माह्या डरायवरायले शिकवसान काय? जे दोन उरले हायत त्यायले."

"शिकवीन," सत्यवती म्हणाली. "पन माह्या हाताची चापट खावी लागन त्यायले."

अमरावतीहून मागवलेली पिन संध्याकाळच्या आत बसली आणि दिवेलागणीला लॉरी कुपनांसह मळ्यात परतली. पार्बताबाईनं ओवाळलं, आधी लॉरीला की आधी सत्यवतीला यावर बायकांत थोडा वाद झाला, शेवटी दोघींना एकदमच ओवाळलं.

दोन दिवसांनी, गुरुवारी, भगवंताला शेजारी बसवून ती संत्र्यांची पहिली खेप घेऊन अकोल्याला गेली. सकाळी नऊच्या सुमाराला लॉरी मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरली. नत्थुजी आता थकला होता, नजर अधू झाली होती, दुकानाच्या ओट्यावर ऊन खात तो बसलेला असायचा. गल्लीच्या वळणावर लॉरीचा गिअर बदलला तसं त्यानं डोकं वर केलं.

"लॉरी माळ्यायची हाय," तो शेजारच्या पानवाल्याला म्हणाला. "पन हे भगवंत नाई. भगवंत दुसऱ्यात घालतानी जरा घाई करते." तो कान देऊन राहिला. लॉरी जवळ आली, पुन्हा एकदा गिअर बदलला, आणि म्हाताऱ्याच्या सुरकुत्या उजळल्या. काठी टेकून तो उभा राहिला आणि रस्त्यात आला.

"सत्यवती! तूच चालवून राहिली नं?"

"मीच काका!" ती वरून ओरडली.

"मले दिसत नाई बाई, पन ऐकू येते!" नत्थुजी काठी उंचावून नाचवू लागला. "ऐका रे पोट्टेहो! ऐका! असा टाकतात गिअर!"

पानवाला ठेल्यावरून उतरला. भाजीवाल्या बायका टोपल्या सोडून आल्या. बाजाराच्या तोंडापर्यंत लॉरीच्या दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती, आणि गर्दीतून मुंगीच्या पावलानं गाडी काढताना सत्यवतीनं पहिला, दुसरा, पुन्हा पहिला असे सात वेळा गिअर बदलले. सातही वेळा नत्थुजीनं टाळी वाजवली.

दुपारी दोनपर्यंत एक संत्रं उरलं नाही. रिकामे पेटारे घेऊन ते परत निघाले. बोरगाव मागे पडलं, मूर्तिजापूरचा सरळ रस्ता लागला, दोन्ही बाजूंना तुरी पिकून उभ्या होत्या. सत्यवतीनं चौथ्यात घेतलं आणि दांड्यावरचा हात काढून स्टिअरिंगवर ठेवला. या रस्त्यावर अकरा वर्षांत भगवंतानं कधी डोळा मिटला नव्हता. आज त्याची मान हळूहळू एका बाजूला कलली, आणि तो दाराला टेकून गाढ झोपला. लॉरी सुरात चालली होती.